तीन नंबरच्या फ्रिजची सव्वीस मिनिटे

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी रक्तपेढीतल्या तीन नंबरच्या फ्रिजचे दार उघडले गेले आणि नऊ वाजून तीस मिनिटांनी ते बंद झाले. या सव्वीस मिनिटांत फ्रिजच्या आतले तापमान चार अंशांवर होते. ते एक दशांशानेही वाढले नाही.

ही दोन्ही विधाने एकाच कागदावर छापलेली होती. तो कागद रोज अकरा वाजता निघतो. रुग्णालयातले फ्रिज, लिफ्ट, प्राणवायूच्या नळ्या, दरवाजे ही सगळी यंत्रे आपापल्या हालचालींच्या नोंदी एका संगणकाकडे पाठवत असतात. दिवसाला साधारण चाळीस लाख ओळी. माणसाने त्या वाचायच्या ठरवल्या तर त्याच्या निवृत्तीपर्यंत पहिला सोमवारच संपणार नाही. म्हणून शोधवाक्ये लिहावी लागतात, आणि ती लिहिणे हे माझे काम आहे.

शोधवाक्य लांबलचक असते. ते रोज कोणी टंकत बसू नये म्हणून त्याला एक छोटे नाव देऊन ठेवतात. त्याला मॅक्रो म्हणतात. छापील अर्जात जशा गाळलेल्या जागा असतात तशा त्या वाक्यात असतात, आणि नावापुढच्या कंसात तुम्ही जे लिहाल ते त्या जागांत जाऊन बसते. दार_उघडे(३) असे लिहिले की बावीस ओळींचे वाक्य तीन नंबरच्या फ्रिजपुरते चालते आणि त्याचे दार किती वेळ उघडे होते ते सांगते. कंसात सात लिहिले तर सातचे. हा मॅक्रो मी तीन वर्षांपूर्वी लिहिला. त्याची माहितीपुस्तिकाही मीच लिहिली. ती सव्वा पानाची होती आणि मला तिचा अभिमान होता.

रक्तपेढीचा नियम असा, की दार दहा मिनिटांहून अधिक उघडे राहिले तर आतल्या सगळ्या पिशव्या बाद. तापमान काहीही असो. त्या मंगळवारी तीन नंबरमध्ये एकतीस पिशव्या होत्या. ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणून त्या वेळी कामावर असलेल्या बाईने त्या एकेक मोजून, क्रमांक टिपून, नष्ट करायच्या डब्यात ठेवल्या. दार उघडे टाकल्याचा ठपका तिच्यावरच होता, पण मोजायला दुसरे कोणी नव्हते. दुपारी ठरलेली एका रुग्णाची शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली.

ती तंत्रज्ञ म्हणजे माझी थोरली बहीण.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो तेव्हा भाऊजींनी दार उघडले आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. ताई ओट्याला टेकून उभी होती. चहा उकळून अर्धा झाला होता.

“मी लावलं होतं,” ती म्हणाली. “दोन पिशव्या काढल्या, कमरेनं दार ढकललं, खट् वाजलं. ते खट् मी ऐकलं.”

“ताई, ते खट् तू दिवसाला चाळीस वेळा ऐकतेस. तेवीस वर्षं. त्यातलं हे खट् आज सकाळी नऊ वाजताचंच, हे कशावरून?”

“घ्या!” भाऊजी म्हणाले. “आता कानालाही दोन जामीन लागतील.”

“भाऊजी, आठवण हे मोजमापाचं साधन नाही. रोज जे होतं तेच ती भरून काढते. जिथे रिकामी जागा दिसेल तिथे कालचं खट् आणून बसवते.”

“आणि तुझं ते मॅक्रो की काय, ते काय आणून बसवतं?”

“जे घडलं ते.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले आणि गॅस बंद केला.

“मग फ्रिज गार कसा राहिला?” ताईने विचारले.

हा प्रश्न योग्य होता आणि माझ्याकडे त्याचे योग्य दिसणारे उत्तर होते. तापमापकाचे टोक हवेत नसते, ते दाट द्रवाच्या बाटलीत बुडवलेले असते. पिशवीतले रक्त किती तापले ते कळावे, हवा किती तापली ते नव्हे, म्हणून. द्रव सावकाश तापतो. सव्वीस मिनिटांत आकडा हलला नाही, यात नवल नाही. मी हे तिला समजावून सांगू लागलो.

“बाटलीचं मला शिकवू नकोस, शहाण्या. ती बाटली मीच भरते. सव्वीस मिनिटं तग धरणारी नाही ती.”

“मोजून पाहिलंयस?”

“नाही. रक्तपेढीत दार सव्वीस मिनिटं उघडं ठेवून गंमत बघायची सोय नसते.”

“मग ते मत झालं, ताई. मोजमाप नव्हे.”

तिने चहा गाळायला घेतला. मला वाटले, मी बरोबर असल्यामुळे तिने वाद सोडला.

चौकशीचे काम गुणवत्ता अधिकारी बाईंकडे होते. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी माझी सव्वा पानाची पुस्तिका समोर ठेवून, त्यात लिहिल्याप्रमाणे दार_उघडे(३) चालवून, तीन वेळा छापून घेतले. तिन्ही कागदांवर सव्वीस मिनिटे होती. एकच वाक्य एकाच नोंदींवर तीनदा चालवले तर उत्तर तीनदा तेच येते, यात पुराव्याची भर पडत नाही. पण त्यांनी तिन्ही कागद फायलीला लावले, आणि फाईल जाड दिसू लागली.

त्यांनी ताईपुढे दोन वाटा ठेवल्या. चूक झाली असे लिहून द्यावे. मग रक्तपेढीतून बदली, जुन्या कागदपत्रांच्या विभागात काम, आणि पुढे काही नाही. किंवा नाकारावे, मग निलंबन, पूर्ण चौकशी, आणि दोष सिद्ध झाला तर तंत्रज्ञ म्हणून असलेला परवाना रद्द. उत्तर गुरुवारी चारपर्यंत.

गुरुवारी तीन वाजता ताई रुग्णालयातल्या माझ्या कामाच्या खोलीत आली. यापूर्वी ती तिथे कधी आली नव्हती. तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“एकच विचारते. भाऊ म्हणून नको सांगूस. तुझ्या त्या वाक्यात चूक असू शकते का?”

मी क्षणभर विचार केला. खरोखर केला, पण वाक्याचा केला, नोंदींचा नव्हे. बावीस ओळी मला पाठ होत्या. उघडल्याची ओळ शोध, तिच्यानंतरची बंद झाल्याची ओळ शोध, दोन वेळांची वजाबाकी कर. तर्कात कुठे फट नव्हती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग सही करू?”

“नोंद तुझ्या विरुद्ध आहे, ताई. चौकशीत तू हरशील. कर.”

ती उठली. दाराशी जाऊन तिने माझ्या खोलीचे दार ओढून घेतले, मग पुन्हा ढकलून पाहिले, लागले आहे ना ते. तेव्हा मी त्याला महत्त्व दिले नाही. पुढच्या आठवड्यात भाऊजींनी सांगितले की ती रात्री निजण्यापूर्वी गॅसचे बटण तीनदा बघते, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून पाहते. “तेवीस वर्षांत एक कुलूप विसरली नाही बाई,” ते म्हणाले. “आता बघावं तेव्हा हात कुलपावर. तू छान शिकवलंस तिला, आठवण म्हणजे काय ते.”

सही करून सोळा दिवस झाले होते तेव्हा तीन नंबरच्या फ्रिजच्या दाराचे रबर बदलायला काढले. फ्रिज रिकामा केला होता, पण चालूच ठेवला होता. काम चालू असताना नोंदी नीट येतात का ते पाहायला मला बोलावले. वायरमन दार सताड उघडे टाकून खाली बसला होता आणि जुने रबर सुरीने खरवडत होता. आम्ही दोघेच होतो.

आठव्या मिनिटाला फ्रिजचा तापमानाचा भोंगा वाजू लागला. मी वर पाहिले. आकडा सहा पूर्णांक नऊ दाखवत होता.

तीच बाटली, तोच तापमापक. रिकामा फ्रिज भरलेल्यापेक्षा लवकर तापतो, हे धरूनही आठ मिनिटांत जवळजवळ तीन अंश आणि सव्वीस मिनिटांत शून्य, या दोन गोष्टी एका फ्रिजच्या असू शकत नाहीत. हे मोजमाप होते. मी ते केलेले नव्हते; ते वायरमनच्या कामात आपसूक झाले होते.

“त्या मंगळवारी इथे कोणी आलं होतं का हो?” मी विचारले. “बहिणीची भानगड झाली त्या दिवशी.”

“मीच आलो होतो की. दार उघडलं-लागलं ते कळवणारी डबी असते ना, दाराची खूण म्हणतो आम्ही, तिचा सेल संपत आला होता, तो बदलला. साडेनऊच्या सुमारास. सेल घातला, दार उघडलं, लावलं, दिवा हिरवा झाला, निघालो.”

“तुम्ही आलात तेव्हा दार उघडं होतं का?”

त्याने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू आपण इतकी वर्षे या माणसाला शिकलेला समजत होतो.

“साहेब, उघडं असतं तर मी उघडलं कसं असतं?”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“कुणी विचारलं? ताईंना एकदा म्हणणार होतो, तर त्यांची बदली झालेली. आणि म्हटलं, तुमचं यंत्र म्हणतंय तर असेल बाबा. आपण पडलो पाना-पकडवाले.”

मी खोलीत परतलो आणि सोळा दिवसांपूर्वी जे करायला हवे होते ते केले. मॅक्रो बाजूला ठेवून त्या सकाळच्या कच्च्या ओळी उघडल्या. त्या चार होत्या. त्या वाचायला दहा सेकंद लागले.

९:०४:११ फ्रिज ३ दार उघडले
९:०४:५० फ्रिज ३ दार बंद, सेल कमी
९:२९:३८ फ्रिज ३ दार उघडले
९:३०:०२ फ्रिज ३ दार बंद

माझे वाक्य ‘दार बंद’ या शब्दांवर संपणारी ओळ शोधत होते. दुसरी ओळ तिथे संपत नव्हती. सेल कमी झाला की दाराची खूण बंद झाल्याच्या ओळीपुढे तेवढे दोन शब्द जोडते, हे मला ठाऊक नव्हते; म्हणून माझ्या वाक्याला ती ओळ दिसली नाही. त्याने ताईचे उघडणे घेतले आणि वायरमनचे बंद करणे घेतले आणि वजाबाकी केली. वजाबाकी अचूक होती.

मॅक्रो दुरुस्त करायला मी यादी उघडली. दार_उघडे या नावापुढे दोन नोंदी होत्या.

इथे मॅक्रो चालवणाऱ्या या साधनाची एक रीत सांगितली पाहिजे. ते मॅक्रो नुसत्या नावाने ओळखत नाही. नाव आणि कंसातल्या जागांची संख्या, दोन्ही मिळून ओळखते. कंसात एक गोष्ट घेणारा दार_उघडे आणि दोन घेणारा दार_उघडे हे त्याच्या लेखी दोन स्वतंत्र मॅक्रो आहेत, एका आडनावाची दोन बिऱ्हाडे, आपसात येणेजाणे नसलेली. एकात दुरुस्ती केली तर दुसऱ्याला त्याची वार्ताही लागत नाही. एकच गोष्ट लिहिली तर पहिला चालतो, दोन लिहिल्या तर दुसरा. आणि कोणता चालला हे छापलेल्या कागदावर येत नाही.

एक गोष्ट घेणारा माझा होता. दोन घेणारा सात महिन्यांपूर्वीचा होता. त्यात फ्रिजच्या क्रमांकापुढे, बंद झाल्याच्या कोणत्या ओळी धरायच्या तेही लिहायची जागा होती. मी तो चालवला: एकोणचाळीस सेकंद, आणि नंतर चोवीस सेकंद. लिहिणाऱ्याच्या रकान्यात आमच्या विभागप्रमुखांचे नाव होते. वर्णनाच्या रकान्यात एक ओळ होती: ‘सेल कमी असतानाच्या ओळी धरण्यासाठी. जुना मॅक्रो बदलू नये.’

विभागप्रमुख माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत आणि मला ‘पंडित’ म्हणतात. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

“अच्छा. सापडलं तुला,” ते म्हणाले.

“हे तुम्ही केलंत?”

“शस्त्रक्रिया विभागाच्या औषधांच्या फ्रिजनं असाच घोळ घातला होता. तिथले मोठे डॉक्टर माझ्या डोक्यावर येऊन बसले. त्यांच्यापुरतं निस्तरलं.”

“मग जुना का दुरुस्त केला नाहीत?”

“जुन्यावर मागच्या वर्षीचे आकडे काढून वर पाठवलेत, पंडित. दुरुस्त केला की सगळे बदलणार. मग आधीचे खोटे होते का, असं कोण विचारेल आणि कोण उत्तर देईल? एकदा कळवलेला आकडा पुन्हा काढला तर तोच आला पाहिजे, हे तूच पुस्तिकेत लिहिलंयस. ठळक अक्षरात.”

ते खरे होते.

“त्या मंगळवारी तुम्हाला संशय आला नाही?”

“आला.”

“मग?”

“चौकशीत पुस्तिकेतला मॅक्रो चालवतात. पुस्तिकेत एकच आहे. मी मधे तोंड घालून काय सांगू, की आमच्याकडे दोन आहेत आणि डॉक्टरांसाठी वेगळा आहे?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि खरं सांगू? तू तिचा भाऊ. मला वाटलं, दुसरं कोणी नाही तरी तू कच्च्या ओळी पाहिल्याच असशील. तू काही बोलला नाहीस, तेव्हा म्हटलं, खरंच उघडं राहिलं असेल.”

मी कागद उचलला आणि गुणवत्ता अधिकारी बाईंकडे गेलो. त्यांनी चार ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. मग अधिकाऱ्यासारख्या म्हणाल्या, “पण त्यांनी चूक मान्य केलीय. लेखी. मी आता चौकशी कशाची उघडू? आधी ती कबुली मागे घ्यावी लागेल. त्याचा अर्ज आहे. चूक केली नव्हती तर सही का केली, ते कारण त्यात लिहावं लागतं. कोणाच्या दबावानं केली असेल तर नावासकट.”

जुन्या कागदपत्रांचा विभाग तळघरात आहे. ताई एका लांब टेबलाशी बसून फायलींवर चिठ्ठ्या चिकटवत होती. प्रत्येक चिठ्ठी चिकटवून झाली की ती अंगठ्याने पुन्हा दाबत होती, आणि पुढच्या चिठ्ठीला हात घालण्यापूर्वी आणखी एकदा.

मी तिला सगळे सांगितले, क्रमाने.

“म्हणजे मी लावलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“किती वेळ उघडं होतं म्हणालास?”

“एकोणचाळीस सेकंद.”

“बरोबर. दोन पिशव्यांना तेवढेच लागतात.” तिने चिठ्ठी दाबली. “आणि एकतीस पिशव्या चांगल्या होत्या.”

“हो.”

“त्या मी टाकल्या. माझ्या हातानं. माणसांनी दंडातून काढून दिलेल्या.”

मी अर्ज तिच्यापुढे ठेवला. “हा भरलास की दप्तरात तुझं नाव साफ होईल. परवान्याला धक्का नाही. बाई म्हणाल्या, महिन्याभरात परत रक्तपेढीत घेतील.”

“परत जाऊन काय करू?”

“म्हणजे?”

“तिथे एकेका नळीवर नाव चिकटवायचं असतं. गट बघायचा, पुन्हा बघायचा, आणि मग विश्वास ठेवून पुढे जायचं. मला आता पुढे जाता येत नाही. बघितलं हे मला आठवतं, पण आठवतंय म्हणजे बघितलंच असेल असं वाटत नाही. तूच म्हणालास ना, आठवण रिकाम्या जागा भरते म्हणून? पटलं मला ते. नको इतकं पटलं. नऊ जणांना एकदम रक्त लागलं आणि मी एकाच नळीपाशी उभी राहिले, तर?”

“ताई, ते मी चुकीचं बोललो.”

“चुकीचं नाही बोललास. तेच तर. बरोबर बोललास, फक्त माझ्याबद्दल बोललास. तुझ्याबद्दल बोलायला हवं होतं.”

तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. “तू भर. सही मी करीन, सहीची सवय झालीय. पण खाडाखोड करू नकोस, आणि त्या प्रमुखाच्या नावानं बोटं मोडत बसू नकोस. त्यानं लपवलं ते त्याचं तो बघेल. मी सही का केली, तेवढंच विचारलंय तिथे.”

अर्जात कारणासाठी सहा ओळींची जागा होती. मी त्यात असे लिहिले:

‘फ्रिजचे दार वेळेत बंद केले होते. बंद झाल्याची ओळ नोंदींत होती. तिच्यापुढे दोन जादा शब्द असल्यामुळे मॅक्रोने ती धरली नाही. दुरुस्त केलेला मॅक्रो त्याच नावाने अस्तित्वात होता, परंतु पुस्तिकेत नव्हता. मॅक्रो लिहिणाऱ्याने, जो अर्जदाराचा सख्खा भाऊ आहे, मूळ ओळी न पाहता मॅक्रो बरोबर असल्याचे अर्जदारास सांगितले आणि सही करण्याचा सल्ला दिला. मूळ ओळी चार होत्या. त्याने त्या पाहिल्या नाहीत, कारण मॅक्रो त्याचा होता.’